न पाहता नेमलेले डॉक्टर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

डिसेंबर २०२० मधली ती रात्र मी उरणच्या आमच्या घरी जिन्याच्या पायरीवर पहारा देत काढली. पहारा चोरांसाठी नव्हता. वर माडीवर माझी भाची अमेरिकेतल्या एका रुग्णालयासाठी मुलाखत देत होती. खाली कुकरची शिट्टी होऊ नये, फाटक करकरू नये, शेजारच्या पोराने टीव्ही मोठा करू नये, एवढी जबाबदारी माझ्यावर होती. लॅपटॉपचा कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून तिने तो माझ्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवला होता. मी तेहेतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ती जाडजूड पुस्तके एखाद्या होतकरू माणसाला इतकी थेट उपयोगी पडल्याचा तो पहिलाच प्रसंग.

मुलाखत आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. एकामागून एक पाच डॉक्टर पडद्यावर येऊन तिच्याशी बोलणार होते. तिसऱ्याच्या वेळी वीज गेली. आता, आमच्या तालुक्यात बोकडवीऱ्याला वायूवर चालणारे वीजनिर्मिती केंद्र आहे आणि तरीही आमच्याकडे वीज जाते, यावर उरणकर पूर्वी चिडायचे, आता नुसते हसतात. इन्व्हर्टरवर दिवा चालू राहिला, पण इंटरनेटचा डबा त्याला जोडलेला नव्हता. दोन मिनिटांत तिने मोबाइलवरून जोडणी केली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘‘आमच्याकडेही गेल्या आठवड्यात वादळाने वीज गेली होती.’’ मुलाखत पुढे सुरू. वरून तिचा हसण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पोरगी सकाळी आठपासून कोविड केंद्रावर होती. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभर शासनाची सेवा करण्याचा जो बंधपत्राचा नियम आहे, त्यानुसार ती काम करत होती. दुपारी चारला ते घामाने निथळलेले पीपीई उतरवून घरी यायचे, आंघोळ करून वर कोट आणि खाली घरचीच सलवार घालून अमेरिकेसमोर बसायचे, असा तिचा त्या हिवाळ्यातला दिनक्रम होता.

त्या पायरीवर बसून माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. पलीकडच्या माणसांनी हिला कधी पाहिलेले नाही. हिने ते रुग्णालय पाहिलेले नाही. आणि तीन वर्षे रोगी तपासायला, रात्रपाळ्या करायला, प्रसंगी मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला त्यांनी हिला नेमायचे की नाही, हे या पडद्यावर ठरणार. हे आजच घडते आहे का?

थोडे मागे जाऊन पाहू. अगदी आपल्याच माणसांपासून सुरुवात करू.

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून. कल्याणहून त्यांची बदली झाली ती आमच्या या किनाऱ्यावर, अलिबागला. पुढे ते कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर असे फिरले. पत्रांच्या थैल्यांमध्ये आयुष्य गेलेला हा माणूस पत्रांच्याच बळावर बायकोला डॉक्टर करू पाहत होता, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. त्यांचे एक पत्र अमेरिकेतल्या मिशनऱ्यांच्या मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचले, आणि त्या अनोळखी बाईंनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला तोही पत्रानेच. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. एवढे आपण शाळेत शिकतो.

शाळेत जे भरभर उरकले जाते, ते त्यापुढचे. आनंदीबाई अजून अमेरिकेतच होत्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने त्यांना पत्राने नेमणूक देऊ केली. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचा कारभार त्यांनी पाहावा, असा तो प्रस्ताव होता. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. आनंदीबाईंनी होकार कळवला. डॉक्टर नेमला गेला, मुलाखत झालीच नाही. कोल्हापूर दरबारापुढे पदवी होती, कीर्ती होती. पत्रात काय दिसले नसेल, तर तो खोकला. क्षयाने त्यांचे शरीर पोखरायला सुरुवात केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एक दिवसही काम केले नाही.

याचा दोष मी कोल्हापूरला देणार नाही. दरबाराने जे केले ते त्या काळात धाडसाचेच होते. पण दुरून माणूस नेमताना काय कळते आणि काय झाकलेले राहते, याचा विचार करताना मला दर वेळी ते पत्र आठवते.

आता ज्या देशात आनंदीबाई शिकल्या, त्याच देशात निवासी डॉक्टर निवडण्याची पद्धत पुढे कशी बदलत गेली ते पाहा. ती कथा नाटकासारखी आहे. पदवी घेतलेल्या डॉक्टरला रुग्णालयात राहून काम शिकावे लागते. तिकडे याला पूर्वी इंटर्नशिप म्हणत, आता रेसिडेन्सी म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत अशा जागा जास्त आणि विद्यार्थी कमी होते. त्यामुळे चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवण्याआधी आपण गाठावा, अशी रुग्णालयांची चढाओढ लागली. १९४४ च्या सुमारास परीक्षेच्या दोन-दोन वर्षे आधीच विद्यार्थ्यांना जागा देऊ केल्या जात होत्या. म्हणजे पोराने अजून धड नाडी धरलेली नाही आणि त्याची नोकरी पक्की! मग महाविद्यालयांनी ठरवले की ठरावीक तारखेपर्यंत विद्यार्थ्यांचे गुण आणि शिफारसपत्रे बाहेर द्यायचीच नाहीत. तेव्हा चढाओढीने दुसरे रूप घेतले. जागा देऊ केल्यावर विद्यार्थ्याने किती वेळात उत्तर द्यायचे, यावर ओढाताण सुरू झाली. १९४५ मध्ये दहा दिवस मिळत. ते आक्रसत आक्रसत १९४९ पर्यंत अशी वेळ आली की मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने तारा कराव्यात आणि दुपारी बारापर्यंत विद्यार्थ्याने उत्तर द्यावे, अशी सूचना पुढे आली. तर रुग्णालयांना तेवढे बारा तासही फार वाटले.

या गोंधळातून १९५२ साली ‘मॅच’ नावाची पद्धत रूढ झाली. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहून द्यायची, रुग्णालयांनी आपल्या पसंतीचे विद्यार्थी क्रमाने लिहून द्यायचे, आणि दोन्ही याद्या एका मध्यवर्ती ठिकाणी जुळवून एकाच दिवशी निकाल लावायचा. कुणी कुणाला घाई करायची नाही. पुढे १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे एक निबंध लिहिला. विषय काय, तर लग्ने अशी कशी जुळवावीत की ठरलेली जोडी मोडून दुसऱ्याशी संधान बांधण्यात दोन्ही बाजूंना फायदा दिसू नये. आपल्या वधूवर सूचक मंडळांनी अवश्य वाचावा असा निबंध. डॉक्टरांची मॅच साधारण याच तत्त्वावर चालत आली आहे, हे नंतर अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ यांनी दाखवले आणि नव्वदच्या दशकात ती पद्धत सुधारूनही दिली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

गणिताने याद्या जुळवल्या खऱ्या. पण याद्या करायच्या कशावरून? इथे मुलाखत आली. स्थळ पाहिल्याशिवाय पसंती कशी कळवणार, तशातलाच प्रकार. साठच्या दशकात आपल्याकडचे अनेक डॉक्टर नुसत्या पत्रव्यवहारावर, न पाहता, अमेरिकेतल्या रुग्णालयांत रुजू झाले. तिथे माणसांची टंचाई होती. पुढे टंचाई सरली, जागांसाठी रांग लागली, आणि समोरासमोरची मुलाखत अटळ झाली. परदेशी डॉक्टरांसाठी तर आणखी एक पायरी होती. रोग्याशी बोलायचे, त्याला तपासायचे, अशी एक परीक्षा २००४ पासून अमेरिकेतल्या मोजक्या पाच शहरांतच होई. फी सुमारे दीड हजार डॉलर, विमान आणि राहणे वेगळे.

माझ्या भाचीच्या महाविद्यालयातल्या आधीच्या तुकड्यांमधली मुले ही वारी करून आली होती. ऑक्टोबर ते जानेवारी तिकडे मुक्काम. आज टेक्ससला, परवा ओहायोला, मध्ये रात्रभराचा बसप्रवास. एकाच खोलीत चौघे. इस्त्री केलेला एकच सूट. काहींनी त्यापायी वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायला लावले. आमच्या घरीही हा हिशेब झाला होता. कर्ज काढावे लागले असते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे बंधपत्राची सेवा सोडून तीन महिने जाणार कशी? २०२० च्या सुरुवातीला तिने जवळजवळ नाद सोडला होता.

मग महामारी आली. २० मार्च २०२० रोजी अमेरिकेत मॅचचा निकाल लागला, तेव्हा पाकिटे फोडण्याचे समारंभ बहुतेक ठिकाणी रद्द झाले होते. इकडे पाच दिवसांनी देशभर टाळेबंदी. मोरा ते भाऊचा धक्का लाँच बंद पडली. उरणकराला हे काय वाटते ते बाहेरच्याला सांगणे कठीण आहे. ओहोटीला गाळात लाँच अडकते, पावसाळ्यात लाटा उसळतात, पण समुद्र ओलांडून मुंबईला जाणे हे आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नित्यकर्म. समोर मुंबईचे दिवे दिसत होते आणि जाता येत नव्हते.

त्याच महिन्यात ती रोगी तपासण्याची परीक्षा स्थगित झाली. जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद केल्याचे जाहीर झाले. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन सांगितले की येत्या हंगामात सर्व मुलाखती पडद्यावरच घ्याव्यात, स्थानिक मुलांच्यासुद्धा. हा ‘सुद्धा’ महत्त्वाचा. बोस्टनमधला मुलगा बोस्टनच्या रुग्णालयात चालत जाऊ शकत होता, पण त्यालाही घरी बसूनच बोलायचे होते. एरवी सप्टेंबरच्या मध्यावर रुग्णालयांपुढे अर्ज उघडत, त्या वर्षी ते २१ ऑक्टोबरला उघडले. आणि उरणच्या माडीवरची मुलगी आणि बोस्टनचा मुलगा, दोघेही पडद्यावर सारख्याच आकाराच्या चौकोनात आले.

या सगळ्याचा मला आनंद झाला हे लपवत नाही. आमच्या घराचे कर्ज वाचले. पण इतिहासाच्या मास्तराला आनंदावर थांबता येत नाही, आकडे पाहावे लागतात. २०२० च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेले, बाहेर शिकलेले सुमारे ६,९०० डॉक्टर उतरले होते आणि त्यांतील ६१ टक्क्यांना जागा मिळाल्या. २०२१ मध्ये हाच आकडा सुमारे ७,९०० वर गेला आणि जागा मिळाल्या ५५ टक्क्यांना. म्हणजे दार उघडले तशी हजार माणसे जास्त आत शिरली. जागा मिळालेल्यांची प्रत्यक्ष संख्या मात्र सव्वाशे-दीडशेनेच वाढली. तिकीट काढावे लागत नाही म्हटल्यावर प्रत्येक जण जमेल तितक्या मुलाखती देऊ लागला. नावाजलेल्या मुलांकडे मुलाखतींचा ढीग, बाकीचे रिकामे. कुणाला खरोखर यायचे आहे हे रुग्णालयांना कळेना. म्हणून कान-नाक-घशाच्या विभागांनी त्याच हंगामात एक युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराने पाच रुग्णालयांना ‘मला मनापासून तुमच्याकडेच यायचे आहे’ असा संकेत आधी पाठवायचा. पुढे इतर विषयांनीही ती उचलली. पूर्वी हे काम विमानाचे तिकीटच करत होते. एवढा खर्च करून आला म्हणजे याला यायचे आहे, असे धरले जाई.

आणि पडद्याने काय झाकले? भाची मला सांगायची, ‘‘मामा, सगळ्या रुग्णालयांच्या चित्रफिती सारख्याच. तोच चकचकीत पॅसेज, तीच हसरी नर्स.’’ समोरासमोरच्या मुलाखतीला गेलेल्या मुलांना आदल्या रात्री तिथले निवासी डॉक्टर जेवायला नेत. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून मुलांना चित्रफितीपेक्षा जास्त कळे. तीही जेवणे पडद्यावर झाली. आपापल्या घरी आपापले ताट घेऊन वीस माणसे एकमेकांकडे पाहत बसलेली. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. ती ताटात काहीच न घेता चहा पीत बसायची.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? आपल्याकडे निवासी डॉक्टर निवडताना मुलाखत जवळजवळ नाहीच. पूर्वी एमबीबीएसच्या गुणांवर फलकावर यादी लागे. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर अखिल भारतीय परीक्षेची वाट मोकळी झाली आणि आता नीट-पीजी आहे. संगणकावर प्रश्न सोडवा, क्रमांक मिळवा, संगणकावरच पसंती भरा. वशिल्याला जागा नाही म्हणून मला ही पद्धत आवडते. पण तोंडच पाहायचे नसल्याने महामारीत आपले काही अडणार नाही असे वाटले होते, ते खोटे ठरले. अडले ते परीक्षा केंद्रावर. १८ एप्रिल २०२१ ची परीक्षा दुसऱ्या लाटेमुळे तीन दिवस आधी पुढे ढकलली. ३ मे रोजी केंद्राने सांगितले, आणखी निदान चार महिने नाही. परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाच्या वादात प्रवेश अडकले. देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. ७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा कुठे प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या.

याचा अर्थ वॉर्डात काय होतो? निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्या असतात. पहिल्या वर्षाची मुले रक्त काढतात, सलाइन लावतात, रात्र जागवतात. ती तुकडी कित्येक महिने आलीच नाही. वरची जी दमलेली मुले निघून जायची होती, त्यांना थांबवून घेतले गेले. आपल्या राज्यात त्याआधीच, मे २०२० मध्ये, माणसांची इतकी ओढ लागली होती की वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने केरळच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना लिहून ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. पुन्हा एकदा पत्र. तिथून पथक आलेही. मुंबईच्या रोग्यांनी त्यांची मुलाखत घेतली नव्हती.

भाचीच्या तुकडीतल्या तिच्या जिवलग मैत्रिणीने अमेरिकेचा नाद न करता नीट-पीजीची तयारी केली होती. हुशारीत दोघी सारख्याच. एकीची निवड मार्च २०२१ मध्ये पडद्यावरून झाली, दुसरी त्यानंतर दहा-अकरा महिने रोज संकेतस्थळ उघडून पाहत बसली. दोन्ही पद्धतींत कोणती न्याय्य, असा वाद आमच्या ओटीवर बरेचदा झाला. मला अजून नीट उत्तर सापडलेले नाही.

निकालाच्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी कळले की जागा मिळाली. कुठली, ते शुक्रवारी, १९ मार्चला रात्री. देवापुढे दिवा लावला, पेढे काही मिळाले नाहीत, दुकाने लवकर बंद होत होती. पण पडद्यावर झालेली निवड पायांनी पुरी करायची असते. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना प्रवेशबंदी केली. १ जुलैला रुजू व्हायचे, हातात व्हिसा नाही, वकिलातीची तारीख नाही. ते दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. डॉक्टर म्हणून सवलत मिळाली आणि जूनच्या शेवटी ती एकदाची गेली.

पोचल्यावर तिचा पहिला फोन आला. मी विचारले, ‘‘कसे आहे रुग्णालय?’’ ती म्हणाली, ‘‘रुग्णालय सोड मामा, माझे प्रमुख डॉक्टर माझ्या खांद्याएवढेच आहेत. मी त्यांना सहा महिने उंच समजत होते.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आणि तेही माझ्याकडे मान वर करून बघतच राहिले.’’

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. शिवडी आता मोटारीने थोड्याच वेळात. लाँचने जाणारे आम्ही काही जुने लोक उरलो आहोत. त्या सुमारास भाची तिसऱ्या वर्षाला होती, आणि त्या हंगामात नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये तिचीही नेमणूक झाली होती. मुलाखती तेव्हाही पडद्यावरच. महामारी सरल्यावरही तिकडच्या संस्थांनी तोच सल्ला कायम ठेवला होता. एका रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘काल भारतातला एक मुलगा होता. मी प्रश्न विचारला आणि त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. बिचारा पांढराफटक पडला. मी काही बोलले नाही. तिसरी शिट्टी होईपर्यंत थांबले आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला.’’